पॅकिंगमधला माणूस

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. पन्नाशी उलटल्यावर हे कबूल करायला हरकत नसावी. आम्हा दोघांचेही पत्र्याचे सुटे भाग बनवायचे छोटे कारखाने आहेत, माझा गाझियाबादला, त्याचा मानेसरला. माझ्याकडे सात माणसं, त्याच्याकडे नऊ. माझी माणसं छठपूजेला गावी गेली की ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा येतात. त्याची वेळेवर येतात, वर त्याच्यासाठी प्रसादाचा गोड ठेकुआ आणतात. तो कुणाच्याही खांद्यावर सहज हात ठेवतो. मला ते जमत नाही. मी हजेरी बघतो.

माणसं दहाच्या आत असली की सरकारी विमा योजना लागू होत नाही, पण कामावर कुणाला इजा झाली तर भरपाई मालकालाच द्यावी लागते. म्हणून आम्ही दोघंही दरवर्षी कामगार भरपाईचा विमा घेतो. एका रविवारी त्याच्या घरी जेवताना मी माझ्या हप्त्याचा आकडा सांगितला, तर साडू घास हातात धरून हसायला लागला.

"एवढा? माझी नऊ माणसं, तरी तुमच्या निम्मासुद्धा नाही."

"कसं काय?"

"अहो साडूबुवा, फॉर्मवर कामाचं स्वरूप काय लिहिता?"

"प्रेस मशीनवर काम. दुसरं काय लिहिणार?"

"पॅकिंग लिहायचं, यार! त्याचा दर सगळ्यात कमी. माल शेवटी पॅक होतोच ना?"

"यांना काय शिकवताय भाऊजी," माझी बायको म्हणाली, "हे रिक्षाचे दहा रुपयेसुद्धा वहीत लिहितात."

सगळे हसले. मीही हसलो. दोन महिन्यांनी विम्याचा नवा फॉर्म आला, तेव्हा सातही नावांपुढे मी पॅकिंग लिहिलं. पैशांची तेव्हा अडचण नव्हती. त्याला जे जमतं ते मला का जमू नये, एवढंच डोक्यात होतं.

पाच महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, माझ्या सर्वांत जुन्या कारागिराने अडकलेला पत्रा काढायला मशीनमध्ये हात घातला आणि मशीन खाली आलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आठ वर्षं तो माझ्याकडे होता. बिहारमध्ये बायको आणि तीन मुलं.

हॉस्पिटलात मी फॉर्म भरले, पैसे भरले, पावत्या फायलीत लावल्या. दुपारी साडू चहाचा थर्मास घेऊन मानेसरहून आला आणि थेट कारागिराच्या पलंगावर बसला. "चिंता मत कर भाई, एक-एक पैसा मिलेगा. मैं बैठा हूँ ना." कारागीर रडायला लागला. माझ्यासमोर तो रडला नव्हता.

बाहेर येऊन साडू मला म्हणाला, "चौकशीला माणूस येईल. पॅकिंगची पट्टी कापताना लागलं, असं सांगायचं. तो तसंच बोलेल, मी त्याला सांगून ठेवलंय."

माणूस माझा, आणि सांगून ठेवणारा हा.

विमा कंपनीचा तपासनीस कारखान्यात आला तेव्हा कारागीर बँडेज बांधलेला हात छातीशी धरून उभा होता.

"चोट कहाँ लगी?"

"जी, पैकिंग में."

तो जमिनीकडे बघत होता. तपासनीसाने पॅकिंगचं टेबल बघितलं, मग बँडेज बघितलं, आणि लिहायला लागला.

"ये मेरे लिए झूठ बोल रहा है," मी म्हणालो. "आठ साल से मशीन पर है. फ़ॉर्म में पैकिंग मैंने लिखा था."

याला कुणी प्रामाणिकपणा म्हटलं तर मी अडवणार नाही. पण त्या क्षणी मला साडूने पढवलेलं वाक्य माझ्या कारखान्यात चालू द्यायचं नव्हतं. निदान अर्धं कारण तेच होतं.

कंपनीने दावा नाकारला. कायद्यातल्या तक्त्यावरून, कारागिराचं वय आणि पगार धरून, मी भरपाईची रक्कम स्वतः काढली, तीनदा तपासली आणि मुलीच्या फ्लॅटसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. साडू फोनवर म्हणाला, "धन्य आहात, हरिश्चंद्र!" त्याच्या फॉर्मवर अजून पॅकिंगच आहे, आणि त्याच्या कारखान्यात आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करार नोंदवून मी कारागिराच्या हातात चेक दिला. पायऱ्यांवरच उभं राहून त्याने डाव्या हाताने गावी फोन लावला.

"मिल गया," तो बायकोला सांगत होता. "पूरा. साढ़ू साहब ने दिलवा दिया."

मला राहवलं नाही. "चेक पर दस्तख़त मेरे हैं," मी म्हणालो.

त्याने फोन बाजूला धरला आणि अदबीने मान हलवली.

"जी सेठजी. दस्तख़त तो मालिक के ही होते हैं ना."