वर बघणारा सरपंच

कुणाच्याही घरात शिरला की हा माणूस आधी वर बघायचा. घरधनी पाण्याचा तांब्या पुढे करतोय, म्हातारी ख्यालीखुशाली विचारतेय, याची मान मात्र आढ्याकडे. मग पहिला प्रश्न, "गळतंय का रे?" एकदा आम्ही गावकरी एका बड्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर निवेदन घेऊन गेलो, तर तिथेही झुंबराकडे बघून यानं हेच विचारलं. पुढारी दचकून खुर्चीतून उठला. आम्ही फक्त जमिनीत गडप व्हायचे बाकी होतो.

किन्हवलीच्या पुढे, डोंगराला टेकून आमचं गाव. तिथला पाऊस तुम्हाला सांगून पटायचा नाही. आषाढात आमच्या कोंबड्या पोहायला शिकतात. असल्याच एका आषाढात याचा बाप गेला, तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता. बाप दुसऱ्याच्या शेतावर गडी. स्मशान म्हणजे ओढ्याकाठची उघडी जागा. चिता पेटायची, विझायची. शेवटी आई म्हणाली, "घरचा पत्रा काढा." झोपडीवर एकच पत्रा, बाकी सगळा पेंढा. चौघांनी तो चितेवर धरला, तेव्हा कुठे बाप जळला, तोही पुरता नाही. काळा पडलेला पत्रा भोकांसकट पुन्हा घरावर चढला आणि मायलेकानं उरलेला पावसाळा गळतीखाली टोप सरकवत काढला. पुढे विटांचं घर झालं, तरी तो काळा पत्रा यानं डांबर लावून चुलीच्या वर छपरात ठेवलाच.

टोकावड्याच्या ढाब्यावर ताटं विसळली, मुरबाडकडे वीटभट्टीवर चिखल तुडवला, आणि भिवंडीच्या गोडाऊनांवर पत्रे ठोकता ठोकता गडी असा तयार झाला, की वादळानं यावं आणि याचे खिळे बघून माघारी जावं. गावात परतला तो हातोडी घेऊन. वैशाख लागला की घरोघरची छपरं दुरुस्त करायचा. लोक दारोदार फिरून निवडणूक जिंकतात, हा छपराछपरांवरून जिंकला. वरूनच ओरडायचा, "काकी, इथं कौल फुटलाय गो! आन् मत कोणाला देताय?"

सरपंच झाल्यावर शाळेचं छप्पर केलं, अंगणवाडीचं केलं, आणि शहापूरला खेटे घालून घालून शेवटी स्मशानशेड आणली. ठेकेदारानं पातळ पत्रे टाकले, तर हा वर चढून असा नाचला की पत्रे वाकले आणि ठेकेदार सरळ झाला. नवे जाड पत्रे मग यानं स्वतःच्या हातानं ठोकले. उद्घाटनाला फीत, नारळ, सगळा थाट. पाहुणे सवयीनं माइकवर बोलून गेले, "गावकऱ्यांनी या वास्तूचा पुरेपूर लाभ घ्यावा!"

मागून एक म्हातारी ओरडली, "आधी तुमी घ्या साहेब, तुमी पाव्हणे!"

सगळा गाव हसला. त्याच हसण्यात याची खुर्ची गेली. पुढच्या निवडणुकीत समोरचा एवढंच म्हणाला, "हा मेलेल्यांचा सरपंच. आमी जित्यांसाठी क्रिकेटचे सामने भरवू." पोरांना टी-शर्ट मिळाले, थोरांना मटण. ज्या छपरांत याचे खिळे होते, त्याच छपरांखाली बसून लोकांनी याला पाडलं. मेलेल्यांना मत नसतं, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सामने भरले. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून स्टेजवर छप्पर हवं, म्हणून स्मशानशेडचे पत्रे उतरवले. चार दिवसांसाठी. सामने संपले आणि पत्रे गावात जिरले.

हा रोज ग्रामपंचायतीत जाऊन उभा. "पत्रे लावा रे, मिरग तोंडावर आलाय."

"लावू हो भाऊ. कोण मरतंय एवढ्यात?"

मग स्वतःच शोधायला निघाला. आपल्या खिळ्यांची भोकं तो कोसावरून ओळखायचा. एक पत्रा नव्या सरपंचाच्या चुलत्याच्या गोठ्यावर सापडला. शिडी लावून चढला आणि हात हलवत उतरला. मी खवळलो.

"अरे, काढला का नाहीस?"

"खाली वासरू हाय रे, कालचं. भिजंल."

दुसरा एका एकट्या बाईच्या चुलीवर. तिला विचारलं, "गळतंय का गो?"

"आता नाय, भाऊ."

"मग राहू दे."

असा अख्खा गाव फिरला. काढण्याजोगा एकही पत्रा त्याला सापडला नाही. मी त्याला गाढव म्हटलं. तो ऐकून घेत आभाळाकडे बघत राहिला.

आषाढात त्याच्या छातीत कळ आली. शहापूर यायच्या आत संपला.

पाऊस असा, की समोरचा डोंगर कुणी उचलून नेल्यासारखा दिसेनासा झाला. बोडक्या शेडच्या खांबांमध्ये चिता रचली. नवा सरपंच छत्रीखालून बोलला, "गावाचा आधार हरपला." चिता विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. ज्यांच्या घरांवर ते पत्रे होते, ते सगळे तिथेच उभे होते. 'माझा आणतो' असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. शेवटी एकजण त्याच्याच घरी धावला. त्याच्या बायकोनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, "चुलीवरचा काळा पत्रा काढा."

तो आम्ही धरला. हात भाजले की माणसं बदलत होती. हा मात्र पुरता जळला. पत्र्याची चाळण झाली, तो तिथेच टाकून आलो.

दहाव्याला नव्या सरपंचानं नाक्यावर भलाथोरला फ्लेक्स लावला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुप्पट मोठा सरपंच, हात जोडून. दोन दिवसांत फ्लेक्स गायब झाला आणि गावभर बोंब उठली.

मी त्याच्या घरी गेलो. चूल धुमसत होती. मी वर पाहिलं. पत्रा गेला तिथे फ्लेक्स ताणून बांधला होता, छापील बाजू आत. तो वरून चुलीकडे बघत होता.

"गळतंय का वैनी?" मी विचारलं.

"ह्यांच्याकडनं नाय," ती म्हणाली आणि टोप पायानं पलीकडे सरकवला. "सरपंचाकडनं गळतंय."