राखणदाराचं तीर्थ

दारू सोडणाऱ्यांचा आमचा गट भोईवाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात बसतो. तिथे सगळे एकच सांगत, आपल्याच्यानं होत नाही ते त्या वरच्यावर सोपवा. मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, तुमचं बरं आहे, तुमचा वरचा पीत नाही. आमचा पितो. परळला आमच्या चाळीमागे वडाखाली राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणातल्या माणसांनी बांधलेली. वर्षातून एकदा राखण असते, तेव्हा त्याला कोंबडा, नारळ आणि दारू दाखवतात. मग तीच दारू तीर्थ म्हणून घरटी एका पुरुषाच्या ओंजळीत पडते. ओंजळ मागे घेतली तर देवाचा कोप सगळ्या घरावर, असं लहानपणापासून ऐकलेलं.

वडील गेल्यापासून आमच्या घरची ओंजळ माझी. मला ते आयतंच निमित्त मिळालं होतं. देवानंच पाजली म्हटल्यावर बोलणार कोण? तिथून जो सुरू व्हायचो तो चार-चार दिवस शुद्धीवर यायचो नाही. आई जिन्याच्या पायरीवर वाट बघत बसायची. ती रागावली असती तर मी सुधारलो असतो, असंही मी निर्लज्जपणे लोकांना सांगायचो. माझी दारू सुटली ती आई गेल्यानंतर. माझं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

सुटल्यानंतरची ही पहिलीच राखण. बायको म्हणाली, "खाली जाऊच नका. काय व्हायचं ते होऊ दे." पण मुलगी तापानं पडली होती आणि मी मुळात भित्रा. देवाला दुखवायची हिंमत झाली नाही. नुसती ओठांना लावायची, असं ठरवून गेलो. गटातले लोक हे ऐकून हसले असते. प्रत्येकानं कधी ना कधी हेच ठरवलेलं असतं.

चाळीतले सगळ्यांत वयस्कर दाजी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं. ते झालं आणि वाटी घेऊन ते एकेकापाशी येऊ लागले. वास आधी पोचला. तोंडाला पाणी सुटलं, तेही लपवत नाही. धड प्रार्थनासुद्धा सुचली नाही. 'मला जमत नाहीये रे,' एवढंच मनात आलं आणि हात आपोआप पुढे झाले. मी कुणाजवळ एक अक्षर बोललो नव्हतो. दाजी माझ्यासमोर थांबले, माझ्या हातांकडे बघत राहिले. मग वळले आणि माझा वाटा घुमटीपुढच्या मातीत ओतला.

"बा म्हाराजा, ह्येच्या वाट्याचा तीर्थ आजपासून तूच घे, आणि ह्येका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ एका आवाजात म्हणाली. मी रिकामी ओंजळ तशीच धरून लहान पोरासारखा रडलो.

मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टरांच्या गोळीनं उतरला असेल, मी वाद घालत नाही. संध्याकाळी दाजींच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पायां पडा नको. तुझी आवस दर वर्षी येऊन सांगी, माझ्या झिलाचो वाटो देवाकच घाला. मीच म्हटलंय, रीत मोडूची नाय." "काल तुझी ओंजळ बघलंय, आणि तीच आठवली."

मला दाजींचा राग आला नाही. राग यायला माझी बाजू कुठे स्वच्छ होती? देव घ्यायला तयार होता, आई द्यायला तयार होती, मध्ये अडून बसलो होतो तो मी. आता रोज सकाळी घुमटीपुढे उभा राहतो आणि जे झेपत नाही ते त्याला देऊन टाकतो. तो घेतो, आणि तो दिवस निभावतो. त्याचे उपकार फेडता येणार नाहीत. फक्त आईचं ते पायरीवर बसणं तेवढं मी त्याला देत नाही. ते माझ्याच वाट्याचं आहे.