फाडलेला कोपरा

जळगावला लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात मी एकोणीस वर्षं काढली. उठावाची अक्षरं हे माझं काम. शाई ओली असतानाच कागदावर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची, कागद शेगडीवर धरायचा. पावडर वितळते, अक्षर फुगून वर येतं. बोटाला लागतं.

काम सगळं नव्याकोऱ्याचं, पण माझं कौतुक व्हायचं ते जुनं करण्यात. गणपतीतल्या नाटकांना खलिते लागत, ते माझ्याकडे यायचे. कागद चहाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचा, पातळ तपकिरी शाई कापसाने कडांना लावायची, घड्यांवर नख घासायचं आणि शेवटी एक कोपरा फाडायचा. याच हातांनी मी पुढे आबांचं, माझ्या वडलांचं, पत्र केलं.

अक्का, माझी मोठी बहीण, जातीबाहेर लग्न करून दोंडाईचाला गेली. आबांनी त्यानंतर तिचं नाव घरात काढू दिलं नाही. आई आधीच गेलेली. मी आबांच्या नकळत तिला भेटायला जायचो, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत. निघताना ती दर वेळी विचारायची, आबा काही बोलले का. मी विषय बदलायचो.

आठ वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. एरंडोलजवळ आमचं गाव, तिथे मी रजा काढून उशाशी बसलो. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अक्काले बलाव." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते, पण काय म्हणताहेत ते मला कळत होतं. तार करायला पोस्ट दहा मिनिटांवर. तार केलीय, निघाली असेल, असं मी त्यांना तिन्ही दिवस सांगत राहिलो. तार केलीच नव्हती.

कारण एवढंच की माझी सोयरीक जमत होती. रावेरकडची मंडळी आबांना बघायला येऊन बसत. अक्काचा विषय मी त्यांच्यापुढे काढलाच नव्हता, आणि आबांकडे बघून गावही गप्प होतं. ती दारात उभी राहिली तर जमलेलं मोडेल, या भीतीने मी उठलो नाही. आबा गेले.

मग मात्र मी अक्काला कार्ड टाकलं. आमच्याकडे मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात. हातात पडताच माणूस काय ते समजतो. वाचून झालं की कार्ड फाडून घराबाहेर टाकायचं, घरात ठेवायचं नाही. अक्का दहाव्याला आली. शेवटी काही बोलले का, तिने विचारलं. शुद्ध नव्हती, असं मी सांगितलं. रावेरची मंडळीही त्या दिवशी होती. अक्काकडे त्यांनी पाहिलं, कोण म्हणून विचारलं, आणि सगळं कळल्यावर नुसती मान हलवली. सोयरीक मोडली नाही.

पुढच्या वर्षभरात अक्का फार वाळली. तेव्हा मी ते पत्र केलं. आबांच्या अक्षराचं वळण मला साधायचं. 'चि. अक्कास आशीर्वाद. राग गेला. पोरांना घेऊन ये.' वरचा श्री आबा बोरूने जाड काढायचे, शाईचा थर वर दिसायचा. तो मी पावडरीने उठवला. चहा दिला, शाई दिली, कडा विटवल्या. आबांच्या पोथीत सापडलं म्हणून अक्काच्या हातात ठेवलं. तिने वाचलं, श्रीवरून बोट फिरवलं आणि पेटीत साडीखाली ठेवून दिलं. परतीच्या गाडीत मला हलकं वाटत होतं.

पाच वर्षं ती त्यावर काही बोलली नाही. नंतर तिच्या आजारपणात एकदा मी गेलो होतो. ती खाटेवर पडून होती, मी मोसंबी सोलत होतो. ती म्हणाली, "भाऊ, त्या पत्राचा कोपरा तू का फाडलास?"

मी मोसंबीची साल काढत राहिलो.

"ये म्हणून लिहिलेल्या पत्राचा कोपरा आबा फाडतील का रे? मयताचं कार्डही तू असंच फाडलं होतंस. असंच, तिरपं."

नाटकांच्या खलित्यांची सवय. हात आपोआप तिकडे गेला होता.

"मग ठेवलंस कशाला?" मी विचारलं.

"तू केलंस म्हणून." ती म्हणाली, "पण एक कळलं. आबांनी शेवटपर्यंत माझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर तुला हे करावं लागलं नसतं."

खरं सांगायची जागा ती होती. एका वाक्याचं काम. पण त्या वाक्याला लागूनच ती विचारणार होती, मग मला कळवलं का नाहीस? मी मोसंबीची फोड तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली.

त्या चैत्रात ती गेली. मेहुण्यांनी पेटी उघडली तेव्हा पत्र साडीखालीच होतं. शुभ बोलावण्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, ते मी लावलं नव्हतं. उरलेल्या तीन कोपऱ्यांना तिने लावलं होतं.

आबांनी तीन दिवस तिलाच बोलावलं. माझ्या बायकोलाही हे आज इथे वाचूनच कळेल.