दुरुस्तीलायक नसलेली जीप

कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी काका दोन पावलं मागे उभे राहायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "कोनी आहे का जी कामावर?" मग उत्तराची वाट बघायचे आणि मगच पाना उचलायचे. समोर माणूस असो वा नसो. आमचा मिक्सर दुरुस्त करायला आले तेव्हाही ओट्यापासून दोन पावलं मागे सरकून त्यांनी हाच प्रश्न विचारला. माझे हात कणकेत होते.

"काका, घरात मी एकटीच आहे. आणि मिक्सर बंद आहे."

"बंद आहे हे तुमाले माहीत, मले माहीत. मिक्सरले माहीत आहे का?"

तुमच्याही आजूबाजूला असा एखादा माणूस असेल, ज्याची सवय आधी हसण्यावारी नेली जाते. मीही हसले होते. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये काम करते, नट-बोल्ट आणि बेअरिंगांच्या याद्यांमध्ये माझी पंचवीस वर्षं गेली. कामाचा माणूस मला हातावरून ओळखू येतो. काकांचे हात कामाच्या माणसाचे होते. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं, आणि मनगटापर्यंत असा तेलकट रंग की तो साबणानं जाणारा नव्हता.

ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. विशीत भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले, नंदिनी नगरच्या खदानीतल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात. घरात एक खाट, एक रेडिओ, आणि मागच्या अंगणात ती जीप.

जीप खदानीचीच होती. काकांनी ती बावीस वर्षं सांभाळली. मग एक नवे इंजिनिअर आले, त्यांनी गाडीचं बॉनेटही न उघडता एका फॉर्मवर लिहिलं, "मरम्मत के योग्य नहीं." गाडी भंगाराच्या लिलावात निघाली. काकांनी ती घेतली, ट्रकवर घालून अंगणात आणली आणि त्या फॉर्मची झेरॉक्स लॅमिनेट करून समोरच्या काचेला आतून लावली.

"योग्य नाही म्हनते," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "बावीस वर्षं मी हिच्या खाली झोपलो. हिनं कोनाले एक दिवस पायी नाही चालवलं. आन् हा पेनवाला सांगते!"

आता जीप हा असा आजार आहे की तो एकट्याला होत नाही. दुर्ग-भिलाईत जुन्या जीपवाल्यांचा एक ग्रुप आहे, मोबाइलवरचा. काकांच्या गाडीचा फोटो कोणीतरी तिथे टाकला आणि पुढच्या रविवारी रिसालीहून कुरियन आले. बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ शर्ट, हातात गाडीचं जुनं छापील पुस्तक. त्यांच्याकडे तशीच जीप होती. त्यांच्या मागून साहूजी आले, रोलिंग मिलचे जुने इलेक्ट्रिशियन, खिशात टेस्टर आणि तोंडात पान. तिघांचं जमलं. दर रविवारी सकाळी अंगणात तीन जोडी पाय गाडीखालून बाहेर दिसायचे.

माझा संबंध चहापुरता होता. पण तिसऱ्या रविवारी मी बघितलं की एकानं ब्रेक खोललेत, दुसऱ्यानं स्टीअरिंग, तिसऱ्यानं डायनॅमो, आणि एकही काम पुरं झालेलं नाही. हे मला बघवेना. मी घरातून वही आणली आणि चार रकाने आखले. अडचण काय, कोणी शोधली, उपाय काय केला, आणि परत आली का.

चौथा रकाना सगळ्यात लवकर भरला.

रेडिएटर गळायचा. कुरियननी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की केरळमध्ये ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद घालतात. माझ्याच डब्यातली हळद गेली. अर्ध्या तासानं टोपणातून पिवळा फेस उसळला आणि कुरियनचा स्वच्छ शर्ट एका बाजूनं हळदीच्या कार्यक्रमाला गेल्यासारखा झाला. काका गाडीखालून बाहेर आले.

"काय करून राहिले साहेब? वरनाले फोडनी देता का?"

"थोडी जास्ती हो गयी," कुरियन शर्ट झटकत म्हणाले.

"जास्ती? लग्न लागलं असतं इतक्यात."

शेवटी रेडिएटर काढून भोक डाख देऊन बुजवावं लागलं. मग क्लच सुटेना. मग पुढचा डावा ब्रेक धरून बसला, त्याचा एक भाग इथे कुठेच मिळेना. ग्रुपवर विचारलं, तर जबलपूरच्या एका अनोळखी माणसानं स्वतःच्या बंद गाडीतला काढून बसनं पाठवला. कपड्यात गुंडाळलेला, वर चिठ्ठी, "चलाकर दिखाना." काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. मग गॅसकेट उडालं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी इतका पांढरा धूर झाला की पलीकडच्या गल्लीतून लोक बादल्या घेऊन आले. मी वहीत लिहिलं. काका मागून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "लिवा बाई, लिवा. अडचन लिवली का लहान होते."

नोटीस आली ती अशा वेळी. क्वार्टरच्या ऑफिसातला माणूस आला आणि कागद सरळ गाडीच्या बॉनेटवर चिकटवून गेला. निवृत्तीनंतरची मुदत संपत आल्यानं महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचं होतंच, ते काकांनाही माहीत होतं. खाली एक ओळ जास्तीची होती. त्या तारखेला निकामी वाहन आवारात आढळल्यास क्रेननं उचलून भंगारात जमा करण्यात येईल.

त्या दिवशी मुलाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला होता, कारण हात तेलाचे होते.

"बाबा, देऊन टाका ना ती. तुम्ही इकडे या. गाडी मी घेऊन देतो तुम्हाला, नवी."

"नवी तं कोनीबी चालवते."

"मग काय करणार तुम्ही?"

"गावाले जाईन. हिच्यातच बसून."

"आणि नाही चालली तर?"

काकांनी तेलाचे हात फडक्याला पुसले. "क्रेननं उचलली तं थे भंगार. आपल्या चाकानं गेली तं थे गाडी. उचलून नेऊ देली, तं त्या पेनवाल्याचं खरं होईन. बावीस वर्षं मी झक मारली, असं होईन."

त्यानंतर अंगणात कोणी चेष्टा केली नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर उरलेले दिवस लिहिले आणि रोज एक खोडू लागले. कुरियन रविवारऐवजी रोज येऊ लागले. महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा यादीत एकच काम उरलं होतं, वायरिंग. आणि वायरिंगचे साहूजी गायब झाले.

गायब म्हणजे अहिवाऱ्याला. मुलीच्या बाळंतपणाचा फोन आला आणि ते होते तसे उठून गेले. पण जाताना बॅटरीची तार सुटी करून तिला लाल पाटी बांधून गेले. पाटीवर खडूनं लिहिलं होतं, "काम चालू है. साहू."

हे तुम्हाला सांगायला हवं. प्लांटमध्ये जो माणूस यंत्रावर काम करतो तो आधी वीज बंद करून तिथे आपल्या नावाची पाटी लावतो. ती पाटी दुसरा कोणी काढत नाही. साहेब काढत नाही, साहेबाचा साहेब काढत नाही. ज्यानं लावली त्यानंच येऊन काढायची, याला परमिट परत करणं म्हणतात. अंगणात हा नियम कोणी सांगितला नव्हता. तीस-चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पाटी बांधायचे.

कुरियन बँकेचे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "काका, दिन नहीं है. तार जोडो, चाबी घुमाओ, देख लेंगे."

"पाटी हाय."

"चॉक से लिखी है!"

"सोन्यानं लिवली असती तं काढली असती का?"

मी साहूजींना फोन लावला. मागे दवाखान्यातला गोंधळ ऐकू येत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओरडूनच म्हणाले, "निकाल देव ना भइया, मैं कहत हंव!"

मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी मान हलवली. "फोनवर परमिट वापस होत नसते. या तुमी. पोरीचं झालं का या. घाई नोको."

घाई नको! वहीत तीन दिवस उरले होते. मला राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "काका, इतके महिने आम्ही सगळे यासाठी खपलो. एका खडूच्या पाटीसाठी गाडी भंगारात घालणार का?"

काका खाली बसले. गाडीच्या चाकाला पाठ टेकवली. मग म्हणाले, "आमच्या गॅरेजात गजभिये होता. डंपरखाली काम करून राहिला होता. पाटी त्याची होती. जेवनाची सुट्टी झाली, कोनालेतरी वाटलं का गजभिये जेवाले गेला. पाटी काढली, डंपर सुरू केला." त्यांनी चाकाच्या रबरावरून हात फिरवला. "गजभिये जेवाले नव्हता गेला, बाई."

मी परत विचारलं नाही. कुरियननीही नाही. ते त्या दिवशी पाटीसमोर स्टूल टाकून बसले आणि पुस्तक वाचत राहिले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी साहूजी पेढ्यांचा डबा घेऊन आले. नात झाली होती. आधी पेढे वाटले, मग डॅशबोर्डखाली शिरले, एकेक तार चाचपली. मग बाहेर येऊन पाटी सोडली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "कुछ नहीं था भइया. सब जुडा हुआ था. दो दिन फोकट में गए."

कुरियननी डोक्याला हात लावला. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा अगदी निवांत.

"काही नव्हतं हे आज समजलं ना? परवा कोनाले माहीत होतं?"

शेवटच्या दिवशी सकाळी क्रेन आली. पिवळी, प्रचंड, आमच्या अंगणापेक्षा उंच. ऑफिसचा माणूस फाईल घेऊन सोबत होता. काका धुतलेला शर्ट घालून गाडीत बसले होते. पहिल्यांदा चावी फिरवली, नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही तेच. क्रेनवाल्यानं साखळी सोडायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा इंजिननं एक ठसका दिला आणि धरलं. आख्खी गल्ली ओरडली. मीसुद्धा ओरडले, हे नमूद करते. काकांनी गाडी फाटकातून काढली, क्रेनला वळसा घातला आणि रस्त्याला लावली.

दोनशे पावलांवर चौक आहे. बरोबर चौकाच्या मध्ये गाडी बंद पडली.

चारही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. प्लांटच्या शिफ्टची बस अडली. क्रेन मागून हळूहळू आली. क्रेनवाला भला माणूस होता, त्यानं साखळी दाखवत विचारलं, "चाचा, टोचन लगा दूँ? घर तक छोड देता हूँ."

"साखळी हिले टेकवली तं पाहा!"

ऑफिसचा माणूस फाईल छातीशी धरून म्हणाला, "काकाजी, कम से कम साइड में तो लीजिए."

काका खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. "गाडी रस्त्यावर बंद पडली. तुमच्या आवारात नाही. आता तुमचा कागद संपला. आता आमचं काम."

डिझेलच्या नळीत हवा धरली होती. साहूजींनी नळीचा नट सैल केला, कुरियन हातपंप दाबत राहिले, काका नळीच्या तोंडाला येणारे बुडबुडे बघत राहिले. "अजून. अजून. हवा हाय अजून." शिफ्टच्या बसमधून दोघंजण उतरून आले. एकानं न विचारता ट्रॅफिक वळवायला घेतलं, दुसरा कुरियनना बाजूला करून पंपाला लागला. बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. मग नळीतून अखंड डिझेल आलं, नट आवळला आणि इंजिन असं सुरू झालं की जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

कुरियन आणि साहूजी राजनांदगावपर्यंत कुरियनच्या जीपमधून मागे गेले. तिथून काका एकटे. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. गावचं घर, दारात जीप, आणि बॉनेटवर चढून बसलेल्या दोन कोंबड्या.

पुढे दर रविवारी सकाळी काकांचा निरोप यायचा. नमस्कार नाही, हालहवाल नाही. फक्त इंजिनाचा आवाज, अर्धा-पाऊण मिनिट. मग ग्रुपवर भांडण लागायचं. त्या आवाजात एक टकटक होती. कुरियन म्हणायचे व्हॉल्व्ह, साहूजी म्हणायचे काही नाही, फोनच खराब आहे, जबलपूरवाले तिसरंच काही सांगायचे. काका सगळ्यांचं ऐकायचे आणि एका ओळीत कोणाकडून तरी लिहून पाठवायचे, "पाहून राहिलो."

टकटक दीड वर्ष चालली. सगळे उपाय झाले. कुरियन एकदा स्वतः गावी जाऊन आले, त्यांनाही सापडली नाही. काकांनी काही ती सोडली नाही.

मग एका रविवारी निरोप आला नाही. सोमवारी मुलानं ग्रुपवर कळवलं. झोपेतच गेले, शनिवारी दुपारी जेवल्यावर. त्यानं लिहिलं होतं की बाबांच्या फोनमध्ये ग्रुपसाठी रेकॉर्ड केलेला एक आवाज होता, शनिवारी सकाळचा. पाठवायचा राहिला होता. तो आता पाठवतोय.

आम्ही कुरियनच्या घरी जमून तो ऐकला. तिघंही, फोन टेबलावर मध्ये ठेवून. कुरियननी एकदा ऐकला, आवाज मोठा करून परत ऐकला, मग फोन कानाला लावून तिसऱ्यांदा ऐकला. साहूजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

इंजिन संथ चालत होतं. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. टकटक नव्हती.