कमलसिस्टरनं ट्रॉली थांबवली

आख्ख्या लातुरात माझ्यासारखी ट्रॉली ढकलणारा दुसरा न्हाई, असं मी छाती ठोकून सांगतो. खरं बघितलं तर माझ्या ट्रॉलीनं दवाखान्यातला एक दरवाजा, दोन कुंड्या आन एका डॉक्टरसाहेबांचा अंगठा जायबंदी केलाय. कमलसिस्टरला हे सगळं ठाऊक होतं. महिन्यामागं नांदेडहून त्यांच्या लेकीचा फोन आला, "मामा, आई गेली..." मी आपलं "जेवलीस का?" इचारलं. असा मी येडा. माझं हे बोलणं लिहून घेता घेता सून हसाय लागली.

सिस्टर तान्ह्या लेकरांच्या वार्डात होत्या, मी तिथलाच वार्डबॉय. एकदा देवणीहून तीन दिवसांचं लेकरू आलं. आतडं फुटलेलं, पोट टम्म, श्वास मशीनवर. ऑपरेशन तर करायलाच पाहिजे होतं. सवाल होता, कुठं. ऑपरेशनचं थेटर खालच्या मजल्यावर, मधी लिफ्ट आन लांबच लांब व्हरांडा. डॉक्टर म्हणाले, "थेटरातच नेऊ. तिथं उजेड आहे, जंतूंची भीती कमी." सिस्टर म्हणाल्या, "सर, मघाशी नुसती कूस बदलली तर निळं पडलं." मी मधीच तोंड घातलं, "साहेब, मी नेतो की! पोटातलं पाणी हलू देणार न्हाई."

सिस्टरनं काठोकाठ भरलेलं फुलपात्र रिकाम्या ट्रॉलीवर ठेवलं. "जा, थेटरापर्यंत नेऊन आण." तिकडं तयारी चालूच होती. मी जीव मुठीत धरून गेलो... परत आलो तवा फुलपात्रात निम्मं पाणी आन माझी चप्पल वली. "सर, हे पुसता तरी येतं," सिस्टर एवढंच बोलल्या.

डॉक्टरांनी वली ट्रॉली बघितली आन थेटरात निरोप धाडला. मंग थेटरातला दिवा, हत्यारं, भूल देणाऱ्या मॅडम, सगळं वर आलं. लेकरू जागचं हललं न्हाई. ते ठेवलेली काचेची पेटी उघडून तिथंच आतडं शिवलं. मी भायेर लेकराच्या बापाला धीर देत होतो, तर तोच म्हणला, "बसा मामा, आधी तुमीच पाणी प्या."

लेकरू जगलं. थेटरात नेलं असतं तर दगावलंच असतं का? कोणास ठाऊक. डॉक्टर म्हणतात, दर लेकराला हे जमत न्हाई, काहींना थेटरच बरं. पण तवापासून ते आधी इचारतात, "हलवलं तर सोसेल का?" आन जिथं ऑपरेशन झालं त्या कोपऱ्यात सिस्टरनं थेटरातल्या दिव्यापुरती जागा कायमची मोकळी ठेवायला लावली. आजबी तिथं कोणी खुर्चीसुदिक ठेवत न्हाई.

परवा मी त्या मोकळ्या जागेत उभा राहिलो. डोळे भरून आले, नाक जरा जोरात ओढलं. नवी सिस्टर मान वर न करताच म्हणाली, "मामा, रडायचं तर भायेर जा. हितं लेकरू झोपलंय."