तिसरी फ्रेम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला ज्यांच्याबरोबर चहा पितो त्या मित्रांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. पण आधीच सांगून ठेवतो — मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. दोन-चार वेळा जवळ येऊन मागे फिरेन. सवय आहे.

गंगापूर रोडला माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. पोट त्यावर चालतं. जीव मात्र कॅमेऱ्यात. विशीत मामाचा जुना कॅमेरा हाती लागला, आणि तेव्हापासून नाशिकमधलं एकही मैदान मी सोडलेलं नाही. कुस्ती, कबड्डी, सायकलच्या शर्यती, आणि सगळ्यात जास्त खो-खो. लग्नाचे फोटो काढत नाही. लग्नात माणसं कॅमेऱ्याकडे बघून तोंडं करतात. खेळणाऱ्याला तेवढी फुरसतच नसते. ‘खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर खोटं नसतं’ — हे वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलंय. आता लिहिताना कान गरम होतायत.

खो-खोचा फोटो म्हणजे चेष्टा नाही. डोळ्याचं पातं लवेस्तोवर खेळ संपतो. म्हणून बटण दाबून धरायचं, सेकंदाला सहा-सात फोटो पडतात, त्यातला एखादा निघतो. बाकीचे पुसायचे. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, त्यातच खरी कला — असं आम्ही हौशी लोक मोठ्या तोऱ्यात म्हणतो.

बरं. दीपालीबद्दल सांगतो.

चौदा वर्षं झाली. जिल्ह्याच्या संघासाठी मुलींची निवड चाचणी होती. दीपाली तेव्हा सतरा वर्षांची, धरणाकडच्या एका गावातली. घरचे शेवंती आणि झेंडू लावायचे, आई पहाटे फुलं घेऊन बाजारात यायची. दोन वर्षं मी तिचे फोटो काढत होतो. पळता पळता ती अशी वळायची की पाठलाग करणारी तशीच पुढे निघून जायची आणि बघणारे हसायचे. ती संघात येणार हे सगळे धरून चालले होते. तीसुद्धा.

शेवटच्या डावात ती खुंटापाशी होती. मागून एकीनं खुंट धरून सूर मारला, पंचांची शिट्टी झाली, दीपाली बाद. आणि ही पोरगी मैदान सोडेना! “लागलाच नाय हात! सर, आईशप्पत, लागला नाय!” पंच एकदा दिलेला निर्णय कशाला बदलतील? दोघींनी धरून तिला बाहेर नेलं. मी बाजूला मांडी घालून बसलो होतो. बोट अजून बटणावरच होतं.

घरी येऊन फोटो पाहिले. दुसऱ्या फ्रेमवर थांबलो. सूर मारलेल्या मुलीचा पंजा नेमका दीपालीच्या पाठीवर, धूळ उडालेली, दीपालीची वेणी हवेत. असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो. मी खुर्चीतून उठलो, खोलीत फेऱ्या मारल्या, परत बसलो. ओळखीच्या वार्ताहराला तो पाठवून दिला. खाली एकच शब्द लिहिला — ‘स्पर्श’. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला, चांगला चार कॉलम.

मग मी तिसरी फ्रेम पाहिली.

तिसऱ्या फ्रेममध्ये सूर पूर्ण झालेला होता. हात जितका जाणार तितका गेलेला. दीपाली किंचित वळली होती, त्यामुळे मधली जागा स्वच्छ दिसत होती. पंजा आणि पाठ यांच्यात चार बोटांचं अंतर. त्या फटीतून पलीकडची चुन्याची रेघ दिसत होती. मी जिथे बसलो होतो तिथून आधीच्या फ्रेममध्ये हात पाठीवर आल्यासारखा वाटत होता, एवढंच. पोरगी खरं बोलत होती.

निवड करणारे तोवर द्विधा मनःस्थितीत होते. पोरगी तापट आहे, पण खेळते झकास, घ्यावी का? पेपर आल्यावर प्रश्न मिटला. हुज्जत घालते आणि वर धडधडीत खोटं बोलते. नाव कापलं. त्यांच्यातल्या एकानं मला मुद्दाम फोन केला. “तुमच्या फोटोनं आमचं काम सोपं केलं,” म्हणाला. आणि मी? मी ‘थँक्यू’ म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन दुकानात आली. हातात घडी केलेला पेपर. आईच्या हातात पिशवीभर शेवंती, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून आणलेली. दीपालीनं पेपर काउंटरवर पसरला.

“काका, तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज मी ऐकलाय. कट कट कट, लय वेळ चालू होता. याच्या पुढचा फोटो असंल ना?”

एवढी पेपर वाचणारी माणसं, एवढे निवड करणारे, कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं. तो फोटो चाचणीच्या रात्रीपासून माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होता, दुकानापासून दहा मिनिटांवर.

“नाही गं,” मी म्हणालो. “हा एकच नीट आला. बाकीचे हलले होते. पुसून टाकले.”

मैदानावर पंचांशी भांडलेली पोरगी माझ्याशी भांडली नाही. पेपरची परत घडी घातली. आई म्हणाली, “चल बाई. काका कशाला खोटं बोलतील?” आणि जाताना फुलांची पिशवी काउंटरवर ठेवून गेली. बायकोनं संध्याकाळी त्याचे हार केले. एक देवाला, एक दाराला.

‘स्पर्श’ला पुढे प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, मी लेन्सबद्दल बोलतो. कुणी दोन क्षण जास्त निरखून पाहिलं की मी चहाचं विचारायला आत जातो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आणि एक. मघाशी मी म्हणालो, पेपरात छापून आला, मग तिसरी फ्रेम पाहिली. इतकी वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आलोय. तसं झालेलं नाही. पाठवायच्या आधी पाहिली होती. सगळ्याच्या सगळ्या पाहिल्या, तिसरी मोठी करून पाहिली, चुन्याची रेघसुद्धा तेव्हाच दिसली. मग दुसरी पाठवली. ती सुंदर होती म्हणून. तिसरीत काहीच सुंदर नव्हतं — नुसती एक फट.

गेल्या महिन्यात शाळांचे सामने होते. मी नेहमीच्या जागी बसलो होतो. शिट्टी दीपालीच्या गळ्यात होती. ती आता पंच असते, मला माहीत नव्हतं. मी जागा बदलायला हवी होती. बदलली नाही. खुंटापाशी एका मुलीनं सूर मारला, दुसरी कशीबशी निसटली, आणि सूर मारणारीच्या बाजूच्या पोरी ओरडल्या — बाद, बाद! मी बटण दाबून धरलं होतं. कट कट कट. तो आवाज ऐकून दीपालीनं मान वळवली. मला पाहिलं. ओळखलं.

मी कॅमेरा अर्धा वर उचलला. दाखवू का, अशा अर्थानं.

तिनं मान फिरवली. निसटलेल्या मुलीजवळ गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि विचारलं, “लागला का गं?”

“नाय, ताई.”

“बरं. पळ.”

खेळ पुढे चालू झाला.