गावाबाहेरचा अनंता

रत्नागिरीची गाडी धरायला हातखंब्याला एसटीतून उतरलो आणि फोन वाजला. "अनंतभाऊ गेले हो... पहाटेच," त्याच्या रत्नागिरीतल्या घरमालकीणबाई सांगत होत्या. मी त्याच्याचकडे निघालो होतो, वर्षानुवर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट एकदाची सांगून टाकायला. दीड महिना झाला, पण ती गोष्ट काही पाठ सोडत नाही.

अनंता माझा बालमित्र, जहाजावर खलाशी. इटलीतल्या एका बंदरात बोट दुरुस्तीला अडकली, तर हा पठ्ठ्या तिथली भाषा शिकून आला, आणि सोबत सातशे वर्षांपूर्वीच्या कवितांचं जाडजूड पुस्तक. शहरानं हाकलून दिलेल्या कवींच्या कविता! आम्ही खूप टिंगल केली. पुढे गावकीनं वाळीत टाकलेल्या एका घरच्या लग्नाला हा जेवून आला आणि गावकीनं यालाही वाळीत टाकलं. त्या बैठकीत मीही हात वर केला. अनंताला हे कधी कळलं नाही. शिमग्यात घरोघर थांबणारी ग्रामदेवाची पालखी त्याच्या दारावरून न थांबता गेली. ओवाळणीचं ताट घेऊन तो अंगणात उभाच... त्याच आठवड्यात घराची किल्ली विश्वासानं माझ्याच हातात देऊन तो रत्नागिरीत खोली घेऊन राहिला. मग एकच ध्यास, त्या कवितांचं मराठी करायचं.

मी महिन्याकाठी जायचो. "मेल्या, दुसऱ्यांची रडगाणी किती दिवस गाशील?" असं चिडवायचो. तो म्हणायचा, "सदा, यांना शहरानं हाकललं, तरी कोण कुठले विचारलं की हे त्याच शहराचं नाव सांगतात. मी तरी दुसरं काय सांगू रे?" आणि हसायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

यंदा गावकी नरमली. देवापुढे नारळ ठेव, 'चुकलो' म्हण, पालखी अंगणात येईल... निरोप घेऊन मीच गेलो. त्यानं भाषांतराच्या वहीची पानं उलटली. मग म्हणाला, "माझं काय चुकलं, ते तू सांग. तू सांगितलंस तर येतो. रविवारी ये." त्या रविवारीच मी निघालो होतो.

यंदाच्या शिमग्यात, तो नसतानाही, पालखी त्याच्या घरापाशी आली. कुलूप मी काढलं होतं, अंगणही मीच सारवलं होतं. "चुकलो म्हणणार कोण?" गावकीचे म्होरके, गावकार म्हणाले. मी पुढे होऊन नारळ ठेवला आणि म्हणालो, "चुकलो." ढोल वाजले, पालखी नाचली. मी अनंताच्या वतीनं बोललो, असंच सगळ्यांना वाटलं, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो. म्हणून आज छापून सांगतो, अनंताचं काही चुकलं नव्हतं.